जिवंत उंदीर नेमका कोणासाठी? सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांच्या संघटनेस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

येत्या वार्षिक प्रदर्शनाच्या कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा हाती आला. त्यातला प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवसाचा संध्याकाळचा कार्यक्रम वाचला आणि पुन्हा एकदा वाचला. ‘भक्ष्यभरण : थेट प्रात्यक्षिक. अजगर, बोआ (विळखा घालून मारणारा साप) आणि मॉनिटर (घोरपडीच्या कुळातला सरडा). जिवंत भक्ष्य. लहान मुलांसाठी पुढच्या रांगा राखीव.’

याबद्दल मी सचिवांना दोन पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला एका ओळीचं उत्तर आलं, ‘निसर्गात असंच घडतं, लोकांना ते पाहू द्यावं.’ हा विषय एका ओळीत मिटणारा नाही आणि तो फक्त आपल्या सभासदांपुरताही नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

मी बाहेरून बोट दाखवणारी नाही. माझ्याकडे अकरा वर्षांपासून एक बॉल पायथन (अजगराची एक लहान जात) आहे, मादी, शेवंती नावाची. संघटनेची सभासद होऊन मला नऊ वर्षं झाली. साप मांस खातो आणि ते मांस कुठल्यातरी जिवाचं असतं, हे मला कोणी समजावून सांगायला नको. सापाला भाजीपाला घाला असं म्हणणारी मी नव्हे. पहिली दोन वर्षं तर मीही जिवंत उंदीरच देत होते. त्या दोन वर्षांबद्दल आधी सांगते, कारण ते लपवून पुढचं बोलायचा मला हक्क नाही.

शेवंती घेतली तेव्हा विकणाऱ्यानं सांगितलं होतं, ‘हा साप मेलेलं तोंडात धरत नाही.’ मी विश्वास ठेवला. दर पंधरा दिवसांनी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून उंदीर आणायचा, खोकं पेटीत उपडं करायचं, झाकण लावायचं. बहुतेक वेळा दोन-चार मिनिटांत काम आटपायचं. एका रात्री आटपलं नाही. शेवंती कात टाकायच्या बेतात होती, डोळ्यांवर दुधी पडदा आला होता. या दिवसांत बरेच साप खात नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. उंदीर आधी काचेला चिकटून चारही कोपरे फिरला. मग पाण्याच्या भांड्यामागे बसला आणि पुढच्या पायांनी तोंड धुवायला लागला. नाकापासून कानामागपर्यंत, पुन्हा नाकापासून कानामागपर्यंत. मला ते गोड वाटलं होतं. घाबरलेला उंदीरही असाच स्वतःला पुसत बसतो, हे पुष्कळ नंतर वाचलं.

रात्री कधीतरी खाईल, असं म्हणून मी दिवा मालवला आणि झोपले.

सकाळी झाकण उचललं तर शेवंतीच्या पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, वीतभर पट्ट्यात खवले नव्हते. मांस उघडं पडलं होतं आणि दोन ठिकाणी पांढरं टोक दिसत होतं. ती बरगडीची टोकं होती. शेवंती वेटोळं घालून जिथल्या तिथे होती, तिनं तोंडसुद्धा वळवलं नव्हतं. उंदीर भांड्यामागे झोपला होता. खोक्यात त्याला आदल्या दिवसापासून दाणा नव्हता की पाणी नव्हतं. रात्रभर उपाशी जनावरानं समोर जे होतं ते कुरतडलं. त्यात त्याचा काय दोष?

डॉक्टरांनी मेलेली कातडी कापून काढली. त्यानंतर चार महिने दिवसाआड जखम धुणं, मलम, इंजेक्शनं. ती जगली. आज त्या पट्ट्यात खवले वेडेवाकडे आलेले आहेत आणि दर वेळी कात तिथेच अडकते. मग मी ओलं कोमट फडकं लावून ती हळूहळू सोडवते. हे आयुष्यभर चालणार आहे.

आणि उंदीर? त्याचं काय झालं हे मला कोणीही विचारलं नाही. मी तो दुकानात परत दिला. तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या सापासाठी गेला असणार. या सगळ्या प्रकरणातली ही गोष्ट मला आजही जास्त टोचते.

आता सचिवांच्या त्या ओळीकडे येते. ‘निसर्गात असंच घडतं.’ नाही, असं घडत नाही. निसर्गात उंदराला बीळ असतं, अंधार असतो, अंतर असतं, सापाचा वास आला की दिशा बदलायची सोय असते. सापाचे कित्येक हल्ले फुकट जातात. उंदीर अंगावर आला तर सापही सरकून निघून जातो. काचेच्या पेटीत दोघांनाही वाट नाही. शिवाय आपण पेटीत निसर्ग ठेवतोच कुठे? थर्मोस्टॅट लावून ऊब एकसारखी राखतो, गोचीड दिसली की औषध लावतो, जंत झाले की डोस देतो, मुंगूस नाही, गरुड नाही, दुष्काळ नाही. या सगळ्यापासून सापाला वाचवणं हे आपण आपलं कर्तव्य मानतो आणि ते योग्यच आहे. मग भुकेल्या उंदराच्या दातांपासून त्याला वाचवायची वेळ आली की निसर्गाचं नाव का घ्यायचं?

दुसरा युक्तिवाद मी बैठकींत अनेकदा ऐकला आहे. साप झटक्यात मारतो, उंदराला कळतही नाही. यात अर्धं सत्य आहे आणि ते मी मान्य करते. बोआ आवळतो तेव्हा भक्ष्य गुदमरून मरतं असं आपण सगळे मानत होतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं की विळखा पडल्यावर काही सेकंदांतच रक्ताभिसरण कोलमडतं. म्हणजे पकड नीट बसली तर मरण लवकर येतं. पण पकड नीट बसली तरच. पाळलेला साप मागच्या पायाला धरतो, पोटाला धरतो, सोडून परत धरतो, अर्धवट विळखा घालून थांबतो, हे आपल्यापैकी प्रत्येकानं पाहिलं आहे. विळख्याच्या आधीची वेळ तर कोणी मोजतच नाही. माझ्या पेटीत ती एक पूर्ण रात्र होती.

त्या वेळात उंदराला काय होत असतं, हे आता निव्वळ कल्पनेवर सोडलेलं नाही. मोठ्या जातीचा उंदीर, म्हणजे रॅट, घाबरला की साधारण २२ किलोहर्ट्झचा लांबट आवाज काढतो. माणसाच्या कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास. म्हणजे तो ओरडत असतो आणि पेटीसमोर बसलेल्या माणसाला शांतता वाटते. ‘उंदीर शांतपणे बसला होता’ हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा बोलले आहे. प्रयोगशाळांत वेदनेचं मोजमाप उंदराच्या चेहऱ्यावरून करायची पद्धत २०१० पासून वापरात आली आहे. डोळे आक्रसतात, गाल आणि नाक फुगीर होतं, कान मागे जातात, मिशांची ठेवण बदलते. २०११ साली शिकागो विद्यापीठातल्या प्रयोगात नळीत अडकलेल्या सोबत्याला सोडवायला मोकळे उंदीर दार उघडायला शिकले, कोणी शिकवलं नसताना. दुसऱ्या नळीत चॉकलेट ठेवलं तरी ते सोबत्यालाही सोडवायचे आणि पुष्कळदा चॉकलेट वाटूनही खायचे. हा प्राणी आपण पुठ्ठ्याच्या खोक्यातून आणतो आणि त्याला ‘फीडर’, म्हणजे नुसतं खाद्य, म्हणतो.

‘फीडर’ म्हटलं की तो प्राणी उरत नाही, माल होतो, ही माझी आणखी एक तक्रार आहे. सापाच्या पेटीतलं तापमान आपण अंशा-अंशानं सांभाळतो आणि त्याच दुकानात, त्याच फळीच्या खाली, एका टबात तीस-चाळीस उंदीर एकमेकांच्या अंगावर असतात. पाण्याची बाटली रिकामी असते. कान फाटलेला, डोळा गेलेला एखादा असतोच. संघटनेच्या आचारसंहितेत सापाच्या पेटीचं किमान माप दिलेलं आहे, भक्ष्यप्राण्यांबद्दल एक ओळही नाही. मी सगळी पानं तपासली.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण नव्या पाळकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ‘बॉल पायथन मेलेलं खात नाही.’ हे खोटं आहे. शेवंती गेली नऊ वर्षं गोठवून वितळवलेला उंदीर खाते आहे.

साप भक्ष्य ओळखतो ते वासानं, उबेनं आणि हालचालीनं. जीभ हवेतला वास टाळूतल्या, वास ओळखणाऱ्या जेकबसन अवयवाकडे नेते. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर जे खळगे दिसतात, ते ऊब टिपतात. २०१० साली या खळग्यांच्या चेतापेशींमधलं उष्णता टिपणारं प्रथिनही ओळखलं गेलं. समोरची वस्तू भोवतालापेक्षा उबदार असेल, उंदराचा वास असेल आणि थोडी हलली, तर सापाच्या लेखी ते भक्ष्य आहे. २०१२ सालच्या एका प्रयोगात बोआंना मेलेले, उबदार केलेले उंदीर दिले होते, आत कृत्रिम हृदय बसवून. ‘हृदय’ धडधडत होतं तोवर साप जास्त वेळ आणि जास्त जोरानं आवळत राहिले. तो प्रयोग ठोका ओळखण्याबद्दल होता, पण माझ्या दृष्टीनं त्यातली साधी गोष्ट अशी की मेलेला उंदीर सापांनी धरला, आवळला आणि आपलं सगळं शिकारीचं कसब त्याच्यावर वापरलं.

मग लोकांचे साप का खात नाहीत? बहुतेक वेळा उंदीर थंड असतो. किंवा बाहेरून कोमट आणि आत बर्फ. किंवा ओलाचिंब. किंवा दुपारच्या उजेडात, माणसांच्या गर्दीत, डोळ्यांसमोर नाचवलेला असतो. मी काय करते ते सांगते. आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून, बंद पिशवीत घालून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वेगळ्या डब्यात ठेवते. दुसऱ्या संध्याकाळी पिशवीसकट कोमट पाण्यात, मग हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात. पोट बोटांनी दाबून बघते. आत गाठ लागली तर अजून वेळ आहे. अंग सजीव उंदराइतकं, म्हणजे सदतीस-अडतीस अंशांच्या आसपास झालं की कागदानं कोरडं पुसते आणि शेवटी डोकं अर्धा मिनिट पुन्हा गरम पाण्याशी धरते, कारण शेवंती डोक्याच्या बाजूनं धरते. मायक्रोवेव्ह अजिबात नाही, एका जागी शिजतं आणि पोट फुटतं. खोलीत अंधूक उजेड. लांब चिमट्यानं उंदराला कमरेशी धरायचं, लपणाच्या तोंडाशी आणायचं आणि हलकेच हलवायचं, जमिनीवरून चालल्यासारखं. तोंडावर आदळायचं नाही. हे पहिल्यांदा केलं तेव्हा शेवंतीनं मान मागे घेतली. मी उंदीर तिथेच ठेवून दार लावून बाहेर गेले. सकाळी तो जसाच्या तसा होता, टाकून दिला. एकदा वितळवलेलं परत गोठवायचं नसतं. दहा दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा नकार. तिसऱ्या वेळी चिमट्याला झटका बसला आणि काय झालं ते मला कळायच्या आत तिचे तीन वेढे पडलेले होते.

मधे एकूण पाच आठवडे गेले. त्या काळात मी तिचं दर आठवड्याला वजन करत होते, आणि ते जवळजवळ हललं नाही. निरोगी, वाढलेला बॉल पायथन महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. तो दोन वेळा खायला नाही म्हणाला की घाबरतो आपण, आणि तिसऱ्या दिवशी जिवंत उंदीर आणतो. मग सापाला काय शिकवलं जातं? थांबलं की जिवंत मिळतं. काही साप इतक्या सहज वळत नाहीत, हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी मधली पायरी आहे : नुकताच मारलेला, अजून उबदार उंदीर. काही वेळा भक्ष्याचा प्रकार बदलावा लागतो, काही वेळा उंदरांच्या पेटीतल्या वापरलेल्या गवताचा वास चोळावा लागतो. हे सगळं आपल्यातल्या जुन्या लोकांना येतं. मग ते नव्यांपर्यंत का पोहोचत नाही?

मारण्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. मेलेला उंदीर म्हणजे आपोआप दयेनं मारलेला उंदीर नव्हे. शुद्धीत असलेल्या उंदराला फ्रीझरमध्ये टाकणं ही क्रूरताच आहे. भिंतीवर आपटणं, घरी कसंतरी मान मोडायचा प्रयत्न करणं, तेही तसंच. प्रशिक्षित माणसानं एका क्षणात मान निखळवणं किंवा कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण हळूहळू वाढवत बेशुद्ध करून मारणं, या मान्य पद्धती आहेत. त्यातही वायूवर आक्षेप आहेत, आणि नवजात पिल्लं तो वायू फार वेळ सहन करतात, त्यामुळे त्यांच्यासाठी तो एकटा पुरत नाही. म्हणून पुरवठादाराला ‘तुम्ही कसं मारता?’ हे विचारणं आपलं काम आहे. विचारलं नाही तर आपण फक्त आपल्या डोळ्यांसमोरचं टाळलं.

जिथे अपवाद आहेत तिथे ते मानायला मी तयार आहे. बेडकाच्या डोळ्याला हलतं तेच अन्न दिसतं. १९५९ सालच्या एका प्रसिद्ध शोधनिबंधात म्हटलं होतं की न हलणाऱ्या अन्नाच्या गराड्यात बेडूक उपाशी मरेल. सरड्यांपैकी रंग बदलणाऱ्या शॅमेलिऑनचंही पुष्कळ अंशी तसंच. त्यांना जिवंत किडे द्यावे लागतात आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तिथेही न खाल्लेले रातकिडे रात्रभर पेटीत ठेवू नयेत, कारण झोपलेल्या सरड्याची बोटं आणि पापण्या ते चावतात, एवढंच म्हणेन. रानात सोडायच्या प्राण्यांचा प्रश्नही वेगळा. अमेरिकेत काळ्या पायांच्या फेरेटची (मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका लहान शिकारी प्राण्याची) जात नामशेष होता होता वाचली. बंदिवासात जन्मलेली ही जनावरं सोडण्याआधी त्यांना जिवंत भक्ष्य मारता येतं का हे पाहावंच लागतं, नाहीतर ती बाहेर उपाशी मरतील. जखमी घुबड बरं करून सोडतानाही तेच. पण शेवंती कुठेही सोडली जाणार नाही. तुमच्या मंचावरचा बोआही नाही.

मासे पाळणारे आपल्यात थोडे आहेत, तरी त्यांच्यासाठी दोन वाक्यं. मोठ्या माशांना आणि कासवांना जिवंत गोल्डफिश सोडण्याची सवय त्यांच्याच मुळावर येते, कारण गोल्डफिशमध्ये बी-१ जीवनसत्त्व मोडणारं थायमिनेज असतं आणि सतत तेच खाल्लं की बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं. गर्दीच्या टाकीतून आलेले रोग आणि परजीवी वेगळेच.

आता प्रदर्शनाबद्दल. आपण जे मंचावर करू पाहतो, ते जगात अनेक ठिकाणी नियमानं रोखलेलं आहे. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या प्राणीसंरक्षण नियमावलीनुसार जिवंत प्राणी भक्ष्य म्हणून देता येतात ते ठरावीक परिस्थितीतच : मेलेल्या प्राण्यांवर किंवा दुसऱ्या अन्नावर भागतच नसेल, रानात सोडायचं असेल, अशा. ब्रिटनमधल्या प्राणिसंग्रहालयांसाठीची मानकं जिवंत पृष्ठवंशीय भक्ष्य टाळायला सांगतात, अपवाद सोडून. भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं अकरावं कलम तर निव्वळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य व्हावं म्हणून कोंडून ठेवण्याला क्रूरता म्हणतं. त्यात घातलेला करमणुकीचा शब्द महत्त्वाचा आहे. ज्याला भूक लागली आहे तो साप अंधाऱ्या खोलीत, एकट्यानं, चिमट्यावरचा उंदीर खाऊन मोकळा होतो. तिकीट, खुर्च्या, पुढच्या रांगा, हे काही सापाला लागत नाही.

२०१७ साली चीनमधल्या चांगझौच्या एका प्राणिसंग्रहालयात भागधारकांनी वादाच्या भरात एक जिवंत गाढव वाघांच्या खंदकात ढकललं. ती चित्रफीत जगभर गेली. गाढवाला मरायला सुमारे अर्धा तास लागला, बंदिवासातल्या वाघांना मारायची सवय नसावी. त्याआधी २०१४ साली कोपनहेगनमध्ये एक तरुण जिराफ मारून, लोकांसमोर कापून सिंहांना दिला गेला आणि जगभर संताप उसळला. त्या जिराफाला मारण्याची गरज होती का, यावर मतभेद असू शकतात, माझंही मत डळमळतं. पण तो सिंहांसमोर गेला तेव्हा त्याला काही जाणवत नव्हतं. ज्यांना मुलांना ‘निसर्ग’ दाखवायचा आहे, त्यांनी या दोन घटनांतला फरक आधी नीट पाहावा. अख्खं धड दिलं तर सिंह ओढतो, फाडतो, हाडं फोडतो, तासन्‌तास गुंततो. मुलांना दाखवण्यासारखं त्यात भरपूर आहे.

पुढच्या रांगांचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. गेल्या प्रदर्शनात अशाच एका अनौपचारिक ‘खेळा’च्या वेळी मी एका मुलीच्या मागे उभी होते. सात-आठ वर्षांची असेल. उंदीर कोपऱ्यात दोन पायांवर उभा राहिला तेव्हा ती आईला म्हणाली, “त्याला बाहेर काढ ना.” आजूबाजूचे मोठे हसले. मग तीही हसली, इकडेतिकडे बघून. आपण तिला साप ओळखायला शिकवण्यासाठी बोलावलं होतं. तिनं त्या दिवशी काय शिकलं, हे मी पाहिलं आहे.

कॅमेऱ्यासाठी भक्ष्य देणारे सभासद आपल्यात आहेत. नावं मी लिहिणार नाही, त्यांना ती माहीत आहेत. जास्त वेळ चालावं म्हणून पोट भरलेला साप निवडणं, दोन उंदीर एकदम सोडणं, उंदीर मोठा घेणं, हे मी स्वतःच्या कानांनी ठरताना ऐकलं आहे. यात सापाचाही जीव पणाला लागतो. कोणाचीही भूक भागवण्यासाठी हे चाललेलं नाही. आणि संघटनेचं चिन्ह त्या चित्रफितींच्या कोपऱ्यात असतं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

प्रदर्शनातलं जिवंत भक्ष्याचं प्रात्यक्षिक रद्द करा, आणि का रद्द केलं ते सभासदांना कळवा. ‘काही कारणास्तव’ असं लिहू नका.

आचारसंहितेत एक कलम घाला : उंदीर, ससा, कोंबडीचं पिल्लू, मासा, म्हणजे कोणताही पृष्ठवंशीय प्राणी जिवंत स्थितीत भक्ष्य म्हणून द्यायचा नाही. अपवाद लागला तर पशुवैद्याच्या लेखी सल्ल्यानं, ठरावीक मुदतीपुरता, पाळक सबंध वेळ समोर हजर असताना, आणि प्रेक्षक किंवा कॅमेरा नसताना. साप पंधरा मिनिटांत धरत नसेल तर भक्ष्य बाहेर, आणि बाहेर काढल्यावर त्याला दाणा, पाणी, निवारा.

संघटनेचं नाव किंवा चिन्ह वापरून जिवंत भक्ष्याच्या चित्रफिती टाकायला बंदी करा. जुन्या आहेत त्या काढायला सांगा.

साप विकणाऱ्या सभासदांनी त्यानं गोठवून वितळवलेलं भक्ष्य किमान तीन वेळा खाल्ल्याची नोंद ग्राहकाला द्यावी. नुसत्या शब्दावर नको, तारखा हव्यात. नवा पाळक पहिल्या महिन्यात फसतो, तो इथेच.

आणि भक्ष्यप्राण्यांसाठी किमान मानकं ठरवा : जागा, पाणी, अन्न, वाहतूक, मारण्याची पद्धत. यासाठी लागेल तर छोटी समिती नेमा. मी तीत काम करायला तयार आहे, आणि ज्या पशुवैद्यांनी शेवंतीची जखम बांधली त्यांनाही मी विचारलं आहे. त्यांनी हो म्हटलं आहे.

मंच रिकामा राहील अशी काळजी असेल तर ती वेळ मला द्या. मी शेवंतीला मंचावर आणणार नाही, गर्दीत ती खाणार नाही आणि तिला तो त्रास द्यायचा मला हक्क नाही. पण एक पातेलं गरम पाणी, तापमापक, लांब चिमटा, वितळवलेला एक उंदीर आणि तिनं घरी खाल्लेल्या गेल्या काही वेळांच्या तारखा व वजनांची वही घेऊन मी येईन. ज्यांचा साप मेलेलं धरत नाही त्यांनी प्रश्न घेऊन यावं. हवं तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाईन, तिसऱ्यांदा जावं लागलं तरी जाईन. त्या सात-आठ वर्षांच्या मुलीची आई हे वाचत असेल, तर तिलाही घेऊन यावं. पुढच्या रांगेत.

उत्तर लेखी द्यावं, कार्यक्रमपत्रिका छापायला जाण्याआधी.

आपली,
संघटनेची एक सभासद